निळा पस्तीस, लाल पस्तीस

फ्लोरेन्समधली माझी पहिली दुपार कातडी पट्ट्यांच्या एका दुकानासमोर उभं राहण्यात गेली. हातातल्या कागदावर घर नंबर ३५, भिंतीवरही ३५, आणि दुकानदार मान हलवून सांगतोय की इथे कुणी राहत नाही. शेवटी शेजारून जाणाऱ्या एका आजींनी आकड्याकडे बोट दाखवलं. तो लाल होता. या शहरात एकाच रस्त्यावर दोन मोजण्या चालतात: दुकानं-हॉटेलांना लाल आकडे, राहत्या घरांना निळे किंवा काळे, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. माझा निळा ३५ चांगला सहा-सात मिनिटं पुढे निघाला. दगडी फरशीवरून बॅग ओढत तेवढं अंतरही पुरे होतं.

२०२३ चा जुलै. आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष संपवून मी सहा आठवड्यांच्या कोर्सला आले होते. विषय जुन्या इमारतींची मोजमापं, रेखाटनं आणि जतन. व्हिसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मुक्काम ९० दिवसांच्या आतला, म्हणून साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), किमान ३०,००० युरोचा विमा, कागद नीट लावले की झालं. खरी गंमत पोचल्यावर होती. माझं विमान फ्रँकफर्टला बदललं, म्हणजे पासपोर्टवर शिक्का जर्मनीचा. तेव्हा शेंगेनबाहेरून थेट इटलीत उतरलं तर विमानतळावरचा शिक्का पुरायचा; दुसऱ्या शेंगेन देशातून आलात तर आठ दिवसांच्या आत क्वेस्तूरात, म्हणजे पोलिसांच्या कचेरीत, 'मी इथे आहे' असं लिहून द्यावं लागतं. हॉटेलात राहिले असते तर तिथल्या नोंदणीतच ते झालं असतं. मी भाड्याच्या खोलीत होते आणि हे मला सहाव्या दिवशी वर्गातल्या एका मुलीकडून कळलं. सातव्या दिवशी पहाटे रांगेत. फॉर्म, पासपोर्टची आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, आणि परत मिळालेली एक शिक्का मारलेली प्रत. ती नंतर कुणीही मागितली नाही. तरी ती घ्याच.

घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले. सकाळी नऊनंतर खिडक्यांची लाकडी झडपं बंद, कारण शहर टेकड्यांच्या वाडग्यात वसलंय आणि जुलैत ऊन आत आलं की रात्रीपर्यंत हटत नाही. दुसरा: ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावायचं नाही. इथल्या बहुतेक घरांना वीज ३ किलोवॅटच मिळते, त्यावर गेलं की अंधार. मी दोन्ही नियम एकेकदा मोडून पाहिले.

सवलतींचाही हिशेब वेगळाच. सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयाच्यांना तिकीट २ युरो, पण फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना. आम्ही उरलेले महिन्याच्या पहिल्या रविवारची वाट पाहायचो. त्या दिवशी प्रवेश फुकट, आणि रांगही तशीच.

कोर्सचा अर्धा वेळ एकाच गोष्टीत गेला, तो म्हणजे कॅथेड्रलचा घुमट. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. वर जाणारी वाट घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जाते, आणि तिथे भिंतीला हात लावून विटा बघता येतात. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हा घुमट उभारला तो सेंटरिंग, म्हणजे खालून लाकडी आधार, न लावता. सुमारे ४५ मीटर रुंदीच्या घुमटाला जमिनीपासून आधार द्यायला लाकूड आणायचं कुठून?

माझी तोंडी परीक्षा नेमकी त्यावरच झाली. इटलीत तोंडी परीक्षा वर्गासमोर होते, बाकीचे मागे बसून ऐकत असतात. सरांनी विचारलं, आत झुकलेल्या थरातली वीट चुना घट्ट होईपर्यंत घसरली कशी नाही? 'सेंटरिंग'ला इटालियनमध्ये काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना. मग मी टेबलावरचे खडू उचलले. काही आडवे मांडले, मध्ये ठराविक अंतरावर उभे रोवले. उभ्या विटा थराचे छोटे तुकडे पाडतात, आडव्या त्यांच्यात अडकून राहतात. पुढच्या थरात उभी वीट थोडी सरकते, म्हणून माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते. आणि थराचं कडं एकदा पूर्ण झालं की ते स्वतःलाच धरून ठेवतं. एक खडू गडगडला, मागे कुणीतरी हसलं.

"वेंतिसेई. आच्चेत्ता?"

३० पैकी २६, उत्तीर्ण व्हायला १८ लागतात. पण 'मान्य आहे का' हे काय? मला वाटलं, सर चिडवतायत. इथे विद्यार्थ्याला मार्क नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येतं. माझं सोमवारचं विमान होतं. मी घाईघाईत तीनदा "सी", म्हणजे हो, म्हणाले.

संध्याकाळी मालकीणबाईंनी विचारलं, "तुमच्या राजाकडे जाऊन आलीस का?" मला पत्ताच नव्हता. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना याच शहरात वारले, अवघ्या विसाव्या वर्षी. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे स्मारक आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला आजही 'इंदियानो'चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात.

रविवारी काशिने बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तीन किलोमीटरच्या वर. झाडी संपते तिथे छत्री, छत्रीखाली फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा. सहा आठवडे मोजपट्टी घेऊन फिरले होते, म्हणून सवयीने वही काढली. छत्रीचे खांब पहिल्याच फटक्यात बरोबर आले. फेट्याच्या घड्या तीनदा खोडल्या, तरी जमल्या नाहीत.