सव्वादोन तासांची पूर्व

तारीख २२ डिसेंबर. पुण्याजवळच्या एका गावात छोट्या देवळाच्या पायाची आखणी होती. देवळाचं तोंड बरोबर पूर्वेला हवं, एवढीच गावकऱ्यांची अट. आमचं डीजीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा अचूक मोजणारं यंत्र, दुसऱ्या साइटवर अडकलेलं, म्हणून मी फोनमधलं होकायंत्र उघडलं. दहा पावलं सरकले की पूर्व बदलायची. शेजारी सळयांची थप्पी होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मॅडम, तो लोखंडाला भुललाय," गवंडीमामा म्हणाले. त्यांनी पाणसळ लावून जमिनीचा तुकडा सपाट केला, चार फुटी काठी ओळंब्यात उभी केली आणि काठीएवढ्याच दोरीने भोवती फक्कीचं वर्तुळ ओढलं.

११ वाजून २६ मिनिटांनी सावलीचं टोक बाहेरून आत येताना रेघेला टेकलं. खरं तर टोक असं नसतंच. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी. त्यामुळे सावली शेवटी बोटभर धूसर होते. मामांनी त्या धुसरीच्या मधोमध खिळा ठोकला. हा पश्चिमेचा. मग आम्ही डबे खाल्ले. १ वाजून ४० मिनिटांनी सावली वर्तुळाबाहेर निघाली, तिथे पूर्वेचा. दोन खिळ्यांना लाइनदोरी ताणली, झालं.

मी सवयीने दोन्ही वेळांचा मध्य काढला: १२:३३. म्हणजे इथली खरी मध्यान्ह. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाचं, आपण ७४च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली की चौतीसेक मिनिटांचा उशीर होतो. दीड-दोन मिनिटांचा फरक सूर्याच्या कमीजास्त चालीचा. परीक्षेपुरतं पाठ केलेलं गणित फक्कीत उमटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रात्री शोधलं तर कात्यायन शुल्बसूत्रात हीच कृती निघाली. शंकू म्हणजे उभी काठी, त्याच्याएवढी दोरी, वर्तुळावर सावलीच्या दोन खुणा, 'सा प्राची', ती पूर्व. यज्ञवेदी आखणाऱ्यांची, दोन हजार वर्षांहून जुनी. मामांनी ते नावही ऐकलं नव्हतं. त्यांना वडिलांनी शिकवलेलं. (दिल्लीत मात्र त्या दिवशी एवढ्या दोरीने फसलो असतो. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सावली काठीपेक्षा लांब, ती वर्तुळात शिरतच नाही.)

दुसऱ्या दिवशी डीजीपीएसने ताडून पाहिलं. फरक अर्ध्या अंशाच्या आत.

साइट डायरीत मी 'मध्यान्ह १२:३३' लिहिलं होतं. वरच्या साहेबांनी खाली लाल शाईत विचारलंय, 'लंचला उशीर का?'