लघवीच्या बाटलीतला कालचा दिवस

गेल्या दिवाळीच्या आधी यवतमाळ जिल्ह्यातून माझ्या चुलतभावाचा फोन आला. कपाशीवर लागोपाठ दोन दिवस फवारणी केल्यावर त्याला मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, एक दिवस त्याने झोपून काढला आणि मग बरे वाटले म्हणून तो दवाखान्यातही गेला नाही. "दादा, तुझ्या लॅबमध्ये लघवी तपासून आंगात औषध किती गेलं ते समजते का?" असे त्याने विचारले. मी नाशिकजवळच्या एका प्रयोगशाळेत द्राक्षांतील कीटकनाशकांचे अवशेष मोजतो, त्यामुळे प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. फवारणी कधी केली, असे मी विचारले, तेव्हा आठ दिवस होऊन गेल्याचे कळले. त्या आठ दिवसांत त्याच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ वाहून गेले होते. ते का, हे फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

डीडीटीसारखी जुनी कीटकनाशके शरीरातील चरबीत साठून वर्षानुवर्षे राहतात. आज शेतात वापरली जाणारी बहुतेक ऑर्गनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड औषधे तशी मुक्काम ठोकत नाहीत. यकृत त्यांचे तुकडे करते आणि पाण्यात विरघळणारे ते तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून लघवीत बहुधा मूळ औषध शोधायचे नसते, त्याचा उरलेला तुकडा शोधायचा असतो. क्लोरपायरिफॉस या ऑर्गनोफॉस्फेटचा असा तुकडा म्हणजे ट्रायक्लोरोपिरिडिनॉल. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना मोजून क्लोरपायरिफॉस देण्यात आले, तेव्हा तोंडावाटे घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे 70 टक्के या रूपात लघवीत आढळले आणि शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण 27 तास लागले. हा हिशेब आठ दिवसांना लावला, तर प्रमाण सात वेळा निम्मे होते आणि शंभरातील एक भागही शिल्लक राहत नाही. पायरेथ्रॉइडच्या बाबतीत तर हिशेब दिवसांचा नसून तासांचा असतो. लघवीतील आकडा माणसाची गेल्या हंगामातली कहाणी सांगत नाही, फार तर काल-परवाची सांगतो.

भावाने व्हॉट्सअॅपवर रिकाम्या बाटल्यांचे फोटो पाठवले. एक बाटली प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांच्या मिश्रणाची होती, दुसरी इमिडाक्लोप्रिडची. येथे दुसरी अडचण उभी राहिली, आणि रसायनशास्त्राच्या माणसाला ती पहिलीपेक्षा अधिक छळते. ऑर्गनोफॉस्फेटसाठी जगभर रूढ असलेली लघवीची तपासणी डायअल्किल फॉस्फेट नावाच्या सहा तुकड्यांची असते. मॅलेथिऑन किंवा डायमेथोएटपासून त्यांतील डायमिथिल गटाचे तुकडे होतात, तर क्लोरपायरिफॉस किंवा डायझिनॉनपासून डायइथिल गटाचे. प्रोफेनोफॉसही ऑर्गनोफॉस्फेटच, पण त्याच्या रेणूची बांधणीच वेगळी असल्यामुळे त्यापासून या सहांपैकी एकही तुकडा होत नाही. त्याच्यासाठी ब्रोमोक्लोरोफिनॉल हा स्वतंत्र तुकडा शोधावा लागतो. म्हणजे भावाने दुसऱ्याच दिवशी बाटली भरून दिली असती आणि कोणी नेहमीची सहा तुकड्यांची तपासणी केली असती, तर त्या औषधापुरता अहवाल कोरा आला असता. बाटलीवरचे नाव ठाऊक नसताना केलेली तपासणी अशी खोटा दिलासा देऊ शकते.

सायपरमेथ्रिन या पायरेथ्रॉइडची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याचा तुकडा, फिनॉक्सीबेंझोइक आम्ल, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन अशा अनेक पायरेथ्रॉइडपासूनही तयार होतो. त्यामुळे तो सापडला, तर शेतातली फवारणी, स्वयंपाकघरात झुरळांवर मारलेला फवारा, औषध लावलेली मच्छरदाणी की भाजीवरचा अवशेष, हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. शिवाय काही तुकडे भाजी-फळांवर औषध विघटित होतानाच तयार झालेले असतात आणि अन्नातून आयते पोटात जातात. असा आयता तुकडा निरुपद्रवी असला, तरी लघवीत तो औषधाच्या नावावरच मोजला जातो.

तिसरी अडचण उन्हाची आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाला घाम फार येतो, पाणी कमी पडते आणि लघवी गडद होते. त्याच्या एक मिलिलिटर लघवीतला आकडा, तेवढेच औषध अंगात गेलेल्या पण सावलीत बसून पाणी पीत राहिलेल्या माणसाच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो. हा फरक काढून टाकण्यासाठी, लघवीतून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात बाहेर पडणारे क्रिएटिनिन मोजतात आणि तुकड्याचे प्रमाण दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे लिहितात. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे काटक मजूर, गरोदर बाई आणि सहा वर्षांचे मूल यांचे मोजमाप एका फूटपट्टीने करताना पुन्हा सांभाळावे लागते. लघवीत ते लिटरला 0.3 ग्रॅमपेक्षा कमी किंवा 3 ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर नमुना ग्राह्य धरू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे.

इतक्या अटी ऐकल्यावर ही तपासणी निरुपयोगी आहे असे कोणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. एकटा आकडा मुका असतो, पण एकाच माणसाचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की ते बोलू लागतात. याचा माझ्या मते सर्वांत नेटका दाखला अमेरिकेतील सिएटल परिसरात झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा आहे. चेन्शेंग लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 3 ते 11 वर्षांच्या 23 मुलांची लघवी सलग 15 दिवस तपासली. पहिले तीन दिवस मुले नेहमीचे जेवली, पुढचे पाच दिवस तेच पदार्थ सेंद्रिय शेतातले देण्यात आले आणि उरलेले दिवस पुन्हा नेहमीचे अन्न. सेंद्रिय जेवण सुरू होताच मॅलेथिऑन आणि क्लोरपायरिफॉस यांचे तुकडे मोजता येणार नाहीत इतके खाली गेले आणि नेहमीचे अन्न सुरू झाल्यावर पुन्हा वर आले. घर तेच होते, मुले तीच होती, बदलले होते फक्त ताट. तुकडे झटपट निघून जातात ही जी या तपासणीची उणीव, तिचाच येथे उपयोग झाला. मात्र या प्रयोगाने मुलांना अपाय होत होता असे सिद्ध केले नाही. औषध कोठून येत होते एवढेच दाखवले, आणि तेवढा दावाही पुरेसा मोठा आहे.

कपाशीच्या शेतातला दाखला इजिप्तच्या मेनूफिया प्रांतातला आहे. तेथे क्लोरपायरिफॉस फवारणाऱ्या मजुरांच्या लघवीत ट्रायक्लोरोपिरिडिनॉल मोजले गेले. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्यांचे आकडे, त्यांच्यासोबत शेतात वावरणाऱ्या तंत्रज्ञ आणि अभियंत्यांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि औषधाचा बहुतांश भाग नाकावाटे नव्हे तर कातडीवाटे अंगात गेला होता. आपल्याकडे फवारणी म्हटले की आधी तोंडाला रुमाल बांधला जातो. भिजलेला सदरा आणि गळक्या पंपाखालची पाठ दिवसभर तशीच राहते.

गरोदरपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात ब्रेंडा एस्केनाझी यांच्या नेतृत्वाखाली शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. ज्या स्त्रियांच्या लघवीत डायअल्किल फॉस्फेट सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी सर्वांत कमी प्रमाण असलेल्या स्त्रियांच्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे 7 गुणांनी कमी आढळला. हा निष्कर्ष 2011 चा आहे. नऊ महिन्यांचे गरोदरपण दोन वेळच्या लघवीच्या नमुन्यांवरून ओळखायचे, ही त्यातली कमकुवत कडी आहे, आणि अभ्यासकांनाही ती ठाऊक होती. पण अशी ढोबळ चूक बहुतेक वेळा खरा संबंध पुसट करते, नसलेला संबंध उभा करत नाही, म्हणून हा निष्कर्ष मी हलक्याने घेत नाही.

भावाला मी शेवटी लघवीची नव्हे, रक्ताची तपासणी सुचवली. ऑर्गनोफॉस्फेट ज्या कोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) जखडून टाकते, त्याची रक्तातील पातळी पूर्ववत होण्यास अनेक दिवस, तांबड्या पेशींत तर अनेक आठवडे लागतात. पण ही पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की फवारणीआधीचा स्वतःचा आकडा हाती नसेल, तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. कॅलिफोर्नियात म्हणूनच नियमितपणे अशी औषधे हाताळणाऱ्या कामगारांची आधीची पातळी नोंदवून ठेवतात आणि तांबड्या पेशींतील पातळी त्या आधीच्या पातळीच्या 70 टक्क्यांवर किंवा त्याखाली आली, की त्या कामगाराला या कामावरून बाजूला करतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाली, त्यांच्यापैकी कितीजणांकडे असा आधीचा आकडा असेल? युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 2006 पासून ग्रेपनेटची व्यवस्था आहे, बागेची नोंद होते, नमुना तपासला जातो. माझे पोट त्याच कामावर चालते, त्यामुळे यावर जास्त बोलणे मला शोभणार नाही.

यंदा जूनमध्ये, पहिल्या फवारणीच्या आधी, भावाने नागपूरला जाऊन कोलिनेस्टरेजची तपासणी करून घेतली. आकडा सामान्य आला. रक्त घेणाऱ्याने "तुम्हाला काही झालेलं नाही, मग तपासणी कशाला?" असे विचारले म्हणून तो थोडा नाराज होता. अहवालाचा कागद त्याने सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे, आणि आता प्रत्येक फवारणीच्या संध्याकाळी वहीत औषधाचे नाव आणि तारीख लिहून मला फोटो पाठवतो.