तेरा प्रश्नांसाठी अंकारा?

तुम्ही विचारलंत म्हणून. कुणाच्या लग्नात, कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर, मामाच्या सत्तरीला, प्रश्न तोच असतो: ‘पाय कसा आहे हे पेशंटला विचारणाऱ्या एका फॉर्मचं तुर्कीत भाषांतर, याला पीएचडी लागते? आणि त्यासाठी थेट तुर्कस्तान?’ आजवर हसून वेळ मारून नेली. आता हसायचाही कंटाळा आला.

पहिलं म्हणजे, भाषांतर मी केलंच नाही. मला ते करताच आलं नसतं. डॉर्कस बीटन या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली असे फॉर्म दुसऱ्या भाषेत नेण्याची जी पद्धत मांडली, तीच बहुतेक सगळे पाळतात. मातृभाषा तुर्की असलेले दोघे वेगवेगळं भाषांतर करतात. एकाला विषय ठाऊक असतो, दुसऱ्याला मुद्दाम अंधारात ठेवतात. दोन्हींचा मिळून एक मसुदा होतो. मूळ फॉर्म कधी न पाहिलेले दोघे तो उलट इंग्रजीत नेतात. मग समिती बसते, भांडते, आणि जे उरतं ते 30-40 पेशंटकडून भरून घेतात. सांगलीहून स्कॉलरशिपवर गेलेल्या, पहिलं वर्ष तुर्की शिकण्यातच घालवलेल्या मुलीला भाषांतराच्या टेबलावर कोण बसवणार? माझ्या वाट्याला पेशंट आणि आकडे आले. मला तेच हवं होतं, असं मी तेव्हा म्हणायचे. आताही म्हणते, जरा कमी ठासून.

फॉर्म म्हणजे ‘फूट हेल्थ स्टेटस क्वेश्चनेअर’. ऑस्ट्रेलियात पॉल बेनेट आणि सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेला. त्यात खास पायाचे प्रश्न 13: दुखण्याचे चार, कामाचे चार, चपला-बुटांचे तीन, ‘एकूण पाय कसे आहेत’चे दोन. प्रत्येक भागाला 0 ते 100 गुण, 100 म्हणजे उत्तम. आमचे पेशंट हॅलक्स व्हॅल्गसचे. पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि मुळाशी हाडाचा उंचवटा येतो, तो आजार. बायकांमध्ये जास्त.

‘एक्स-रे असताना फॉर्म कशाला?’ हा तुमचा पुढचा प्रश्न, विशेषतः डॉक्टर झालेल्या चुलतभावांचा. एक्स-रेवर अंगठा किती कलला त्याचा कोन मोजतात, 15 अंशांच्या पुढे गेला की आजार, 40 च्या पुढे गंभीर. पण कोन आणि दुखणं हातात हात घालून चालत नाहीत. मोठा कोन घेऊन बाजारहाट करून येणारी बाई मी पाहिली आहे, आणि किरकोळ कोनाने रात्रभर जागणारीही. ऑपरेशनने कोन सुधारला हे सर्जन सांगतो. बाई सुधारली का, हे बाईलाच विचारावं लागतं, आणि तिच्या भाषेत. एवढं सोपं आहे ते.

एवढं सोपं नाही, ते पेशंट समोर बसल्यावर कळतं. ‘गेल्या आठवड्यात पाय किती दुखला?’ तर उत्तर: ‘चोक श्युक्युर, कझम.’ देवाची कृपा आहे, मुली. आमची आजी ‘चाललंय देवाच्या दयेनं’ म्हणायची, अगदी त्याच सुरात. आणि खूण ‘अजिबात नाही’ वर. मग उठताना भिंतीचा आधार. चपला-बुटांचे प्रश्न आले की प्रतिप्रश्न: ‘घरातले की बाहेरचे?’ तिथे बूट दाराबाहेर निघतात. घरात सपाता, नाहीतर हाताने विणलेले लोकरीचे पातिक. जिचा बहुतेक दिवस पातिकमध्ये जातो तिला ‘न दुखणारे बूट मिळायला त्रास होतो का’ विचारलं, तर नाही होत म्हणते. खरंच बोलते. आणि तोच फॉर्म एक-दोन आठवड्यांनी तिच्याकडूनच पुन्हा भरून घ्यायचा, उत्तर स्थिर आहे का बघायला. ‘मागच्या वेळी सांगितलं की, विसरलीस?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की तुर्कीतलं माझं सगळ्यात अस्खलित वाक्य त्यावरचं उत्तर आहे.

आता त्या तेय्झेबद्दल. तेय्झे म्हणजे मावशी, तिथे वयस्क बाईला तसंच म्हणतात. सुनेला घेऊन आली होती, बाहेर बर्फ, अंगात जाड कोट. अंगठ्याचा सांधा झिजलेला असल्यामुळे तिचं ऑपरेशन नुसतं हाड सरळ करण्याचं नव्हतं. सांधाच कायमचा जोडून टाकला होता. असा सांधा दुखायचा थांबतो, पण वाकायचाही थांबतो. तिने चष्मा लावून फॉर्म सावकाश भरला. दुखणं: नाही. चालणं: त्रास नाही. जिने: नाही. बूट: मिळतात. जवळजवळ सगळीकडे शंभर. मग तिने कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

‘बाकीचे प्रश्न कुठे आहेत?’

एवढेच आहेत म्हटल्यावर तिने कोट काढून सुनेकडे दिला, सपाता काढल्या आणि तपासणीच्या खोलीतल्या फरशीवर, माझ्या खुर्चीच्या शेजारी, सेजदेला बसली, म्हणजे नमाजात जमिनीला कपाळ टेकतात तशी. सेजदेत कपाळ टेकताना पायाची बोटं मुडपून जमिनीवर रोवायची असतात. तिची चार बोटं मुडपली. अंगठा ताठ राहिला, टोकावर भार आला आणि पाऊल बाजूला घसरलं. तिने ते आणखी एकदा करून दाखवलं, मला नीट दिसावं म्हणून. उठायला मी हात दिला, तो तिने घेतला नाही, सुनेचा घेतला.

‘हे कुठे लिहू?’

खुर्चीवर बसून नमाज चालतो हे तिला इमामांनी सांगितलेलं होतं. मलाही ठाऊक होतं, मी ते बोललेही. ती म्हणाली, चालतो हे माहीत आहे, मी विचारतेय कुठे लिहू. मी गप्प बसले. तिने माझ्या हातातलं पेन घेऊन शेवटच्या प्रश्नाखाली समासात दोन ओळी लिहिल्या, सही केल्यासारखी खाली रेघ ओढली. संगणकात समासाला रकाना नसतो. तिचे गुण शंभरच्या घरात भरले गेले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते.

समितीत ही गोष्ट निघाली. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, जमिनीवर बसण्या-टेकण्याचा एक प्रश्न घालू या, नमाजाचं नावसुद्धा नको. विरोध मी केला. प्रश्न वाढला की फॉर्म तो राहत नाही. इतर देशांच्या गुणांशी तुलना होत नाही. मूळकर्त्यांची परवानगी लागते. आज एक घातला तर उद्या कोणी शेतातला घालेल, परवा कोणी नाचातला. मुद्दे अजूनही मला खणखणीत वाटतात. कोणी समोरून खोडून दाखवावेत.

पण विरोध फक्त त्यासाठी केला होता का? स्कॉलरशिपची मुदत संपत आली होती आणि नवा प्रश्न म्हणजे सगळी चक्रं पुन्हा. शिवाय मी परकी, हिंदू. नमाजाच्या बाजूने बोलले तर आगाऊपणा, विरुद्ध बोलले तर त्याहून वाईट, तेव्हा आकडेवारीच्या आड उभं राहणं सोयीचं पडलं. त्या वेळची मी यावर चिडून म्हणते, ‘हेतू काहीही असो, मुद्दा बरोबर असला की झालं.’ तिला उत्तर देता येत नाही. तिचं पटतही नाही. ज्येष्ठ बाईंनी त्या दिवशी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं होतं, ‘मग आपण नेमकं काय मोजतोय?’ आणि चहा आला.

फॉर्म तयार झाला. प्रश्नांचं आपसात जमतं का हे सांगणारा क्रोनबाखचा अल्फा 0.70 च्या वर लागतो, तो आला, मी पदवी घेतली. काम वाईट नाही. कोणी म्हणालं की वाईट आहे, तर मी भांडेन.

हल्ली प्रश्न बदललाय: ‘मग मराठीत कधी?’ इथे बायका मांडी घालून जेवतात, उकिडव्या बसून भाजी निवडतात, आणि अंगठा ज्याच्यावर चढतो त्याच बोटात जोडवी असतात. पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल, हे विचारा. मी बहुधा म्हणेन, ते 13 आहेत तसे राहू द्या, वेगळा कागद जोडा. तो कागद पुढे कोणी वाचतं का, तुलनेत धरतं का, हे मला तेव्हा सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येतं त्यांनी समितीवर यावं. जागा आहे, मानधन नाही.