पंचांग उघडून व्हिएतनाम

हनोई, हुए, होई आन, हो ची मिन्ह सिटी. चार नावं वहीच्या पानावर एकाखाली एक लिहिली की व्हिएतनामची सहल ठरल्यासारखी वाटते. मग घरातला जो तो आपापलं नाव घालायला लागतो. मुलांना हालाँगच्या खाडीत बोटीवर झोपायचं असतं, काकांना कू चीची युद्धकाळातली भुयारं बघायची असतात, आणि आत्या म्हणतात, "एवढं लांब चाललोयच, तर अंकोरवाट पण करून येऊ की." अंकोरवाट कंबोडियात. व्हिएतनामचा एकदाच आत सोडणारा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो; कंबोडियात पाऊल टाकलं की तो संपला. परत यायचं तर ५० डॉलरचा, अनेकदा आत-बाहेर करता येणारा घ्यावा लागतो. आत्यांच्या एका 'की'ची किंमत माणशी २५ डॉलर, शिवाय कंबोडियाचा व्हिसा वेगळा.

अशा सहलीत दिवस मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. गाव बदलायचं म्हणजे बॅगा भरा, बाराच्या आत खोली सोडा, विमान किंवा गाडी गाठा, आणि पुढच्या गावी दोन वाजल्याशिवाय खोली नाही. एका बदलाला अर्धा दिवस जातो. दहा रात्रींत तीन बदल सुखाचे, चौथा चालतो, पाचव्याला घरातली माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. हनोई दोन, हालाँगची बोट एक, हुए दोन, होई आन तीन, हो ची मिन्ह दोन: हा हिशेब बसतो. बोटीवरून हनोईत परतायला दुपारचे तीन-चार होतात, म्हणून हुएचं विमान रात्रीचंच घ्यावं. मुंबईहून हनोईत उतरायचं आणि हो ची मिन्हवरूनच परत उडायचं. या दोन शहरांमधला लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. केवळ परतीच्या तिकिटासाठी पुन्हा वर जाण्यात काही अर्थ नाही.

हुए ते दा नांग मात्र आगगाडीनेच जावं. शंभरेक किलोमीटरला अडीच-तीन तास लागतात, पण गाडी हाय व्हानच्या घाटात समुद्राला चिकटून चालते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. तिकीट काढताना खिडकी त्या बाजूची बघावी. होई आनला ना रेल्वे ना विमानतळ. दा नांगहून तीस किलोमीटर टॅक्सीने.

आता पंचांग काढा. गाइडबुकात हे सांगत नाहीत, पण व्हिएतनामी घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर आपल्यासारखंच चंद्रावर चालतं. फरक एवढाच, की त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो. त्यांचं नववर्ष, तेत, बहुतेक वर्षी पौषी अमावास्येच्या आसपास येतं आणि अधिक महिन्याच्या हिशेबाने कधी माघीला. तेव्हा दुकानं आठवडाभर बंद, गाड्या भरलेल्या आणि स्वयंपाकी आपापल्या गावी. आपल्या सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली, आता जरा फिरून येऊ, असं म्हणून जानेवारीच्या शेवटी निघणाऱ्याने अमावास्या कधी आहे ते आधी बघावं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर चित्र आणखी वेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या किनाऱ्यावर सगळ्यात जोराचा पाऊस असतो. होई आनमधली थू बोन नदी फुगते आणि जुन्या गल्ल्यांतून होड्या चालतात. त्या दिवसांत हुए आणि होई आन सरळ गाळावं. हनोई, निन्ह बिन्ह आणि दक्षिणेतला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश करावा. मे महिन्यात जाणाऱ्यांना उन्हाची भीती घालण्यात अर्थ नाही, सोलापूरकर आहेत. पण घाम न वाळणारी दमट हवा आपल्या सवयीची नाही, आणि ३० एप्रिल व १ मे या तिथल्या जोडसुट्ट्यांना हॉटेलं महागतात. पाच मेनंतर निघालेलं बरं. उत्तर, मध्य, दक्षिण असे तिन्ही भाग एकदम धड मिळतात ते मार्च आणि एप्रिलमध्ये, म्हणजे नेमके परीक्षांच्या दिवसांत.

होई आनच्या तीन रात्रींत त्यांच्या महिन्याची चौदावी रात्र यावी अशी जुळवणी करा. पौर्णिमेच्या आदल्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवतात, कंदील पेटतात आणि नदीत कागदी दिवे सोडतात. गर्दी भरपूर असते, तेव्हा खोली दोन महिने आधी घ्यायची. दुसरा फायदा पोटाचा. त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली पुष्कळ बौद्ध कुटुंबं शाकाहार पाळतात, आपल्याकडच्या एकादशीसारखा. एरवी कोपऱ्यात असलेला शाकाहारी पदार्थ त्या दिवशी गाडीगाडीवर दिसतो, हुएमध्ये तर विशेष.

शाकाहाराला तिथे शब्द आहे 'चाय'. हनोईत चहाला म्हणतात 'चा'. म्हणजे आपण सवयीने "चाय, चाय" म्हणत राहिलो तर कप काही येणार नाही, टोफू येईल. 'तोय आन चाय', मी शाकाहारी खातो, एवढं वाक्य पाठ करावं. 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण न्युक माम, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, तिथे आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं, पालेभाजीतही. 'चाय' म्हटलं की तेही गळतं. रोमन लिपीतल्या 'chay' या चार अक्षरांची पाटी दिसेल तिथे निर्धास्त शिरावं. मटण-भाकरीवाल्यांना ही काळजी नाही. त्यांनी फक्त वेळा पाळाव्यात: रस्त्यावरच्या चांगल्या न्याहारीच्या गाड्या नऊ-दहाला आवरतात आणि जेवण साडेअकराला सुरू होतं. हॉटेलातला फुकटचा नाश्ता रेंगाळत खाणारा माणूस दोन्हीकडून उपाशी राहतो.

आणि शेंगा. सोलापूरच्या माणसाने हनोईत सकाळी 'सोय लाक' मागावं: वाफवलेला चिकट भात, त्यात अख्खे शिजलेले शेंगदाणे, वर भुरभुरवलेली 'मुओय वुंग'. ही मुओय वुंग म्हणजे दाणे आणि तीळ भाजायचे, दाण्यांची सालं पाखडायची, मीठ घालून खलात जाडसर कुटायचं. इथवर आपलीच कृती. मग वाटा फुटतात. आपण लसूण आणि लाल तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटत राहतो, चटणीचा गोळा वळला पाहिजे. ते तेल सुटायच्या आत हात थांबवतात, कारण त्यांना ती भातावर कोरडी भुरभुरवायची असते. बॅगेत शेंगा चटणीची पुडी न्यावी आणि शेजारी ठेवून दोन्ही चाखाव्यात.

होई आनहून चाळीसेक किलोमीटरवर 'मी सन' हे ठिकाण आहे. इंग्रजी 'माय सन' नव्हे. चौथ्या ते तेराव्या शतकातली, चाम राजांची विटांची देवळं, बहुतेक शंकराची. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आपल्याकडच्या पथकाने तिथे डागडुजी केली, आणि २०२०मध्ये त्या कामातच एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांच्या गावाहून गेलेल्याने पहाटेची गाडी करून उन्हाआधी पोचावं.

कागदपत्रांत चूक होते ती नावात. ई-व्हिसाच्या अर्जात आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्यात. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, रोजच्या सवयीचं नाही. पासपोर्ट क्रमांक एका अक्षराने सुरू होतो, पुढचे सात आकडे. त्यात शून्याच्या जागी 'ओ' दाबला की अर्ज वाया, आणि पैसे परत मिळत नाहीत. व्हिसाची सुरुवात उतरण्याच्या एक-दोन दिवस आधीची टाकावी. अर्जाच्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी तिथल्या सरकारचं 'गव्ह डॉट व्हीएन' आहे का बघावं. तशाच दिसणाऱ्या दलाली साइट दुप्पट-तिप्पट घेतात.

पैशाला सोपा हिशेब: तिथल्या चलनातल्या, म्हणजे डाँगमधल्या, किमतीची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साधारण साडेतीनने गुणा. पन्नास हजार डाँगचं फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, पडतं पावणेदोनशे रुपये. घोळ होतो तो नोटांत. वीस हजाराची नोट निळी, पाच लाखांचीही निळी, आणि रिक्षातल्या अंधारात शून्यं कोण मोजतंय? पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

राहता राहिली सोलापूर-मुंबई. विमानाची तिकिटं चार महिने आधी काढून मोकळे झालेले लोक इथे अडकतात, कारण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं. तो दिवस कॅलेंडरवर लाल करावा. जाताना रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी दादरला उतरलं की संध्याकाळच्या विमानाला हातात भरपूर वेळ राहतो. येताना उलटं होतं: बाहेर पडून पट्ट्यावरून बॅगा मिळेस्तोवर दीड तास जातो, म्हणून विमान रात्री नवाला टेकणार असेल तर त्याच रात्रीच्या सिद्धेश्वरचं तिकीट काढू नये. सकाळी निघावं, आणि जाताना चटणी-कडक भाकरीचा भरलेला स्टीलचा डबा येताना कॉफीच्या पुड्यांनी भरलेला असेल, तो हातातल्या पिशवीतच ठेवावा.