एआय एजंटसाठी वेगळी की मागितली तेव्हा

नागपूरला वाडीत ट्रान्सपोर्टच्या एका ऑफिससाठी आम्ही एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालून स्वतः कामं करणारा प्रोग्राम, बसवला. पार्ट्यांचे मेल वाचायचे, बिल्टीचा (मालाच्या पावतीचा) पीडीएफ उघडायचा, भाडं दरपत्रकाशी ताडायचं, नोंदीचा आणि उत्तराचा मसुदा तयार ठेवायचा. मॉडेल, मेल, टूल (एजंटला वापरता येणाऱ्या क्रिया) हे सगळं विनातक्रार जुळलं. एजंटला कमी अधिकारांची वेगळी की, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शिरायची गुप्त किल्ली, मिळवताना मात्र गाडी रुतली.

त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कंपनी एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला आत येऊ देणारी किल्ली) एकच देते. तिने बिल्टी वाचता येते, खोडता येते आणि पार्टीचं बँक खातंही बदलता येतं. फक्त वाचनापुरती की मागितली, तर "प्रॉम्प्टमध्ये टाका ना भाऊ, डिलीट नको करू म्हणून" एवढं सांगून आमचं मदतीचं तिकीट बंद! प्रॉम्प्ट म्हणजे मॉडेलला दिलेल्या लेखी सूचना. हे उत्तर मला अजून सलतं. एजंट बाहेरून आलेला पीडीएफ वाचतो. त्यात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत "आमचं खातं बदललं, पुढचं पेमेंट या नंबरवर" असं लिहिलेलं असेल, तर मुनीमजींना कोरी जागा दिसते आणि मॉडेल ती ओळ सूचना समजून पाळू शकतं. प्रॉम्प्टमधली मनाई म्हणजे नुसती विनंती. कीलाच ते काम करता येत नसेल, तर ती मर्यादा. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी कमीत कमी अधिकारांचं हे तत्त्व १९७५ मध्येच मांडलंय. आम्ही जगावेगळं काही मागत नव्हतो.

शेवटी एजंट आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर यांच्या मध्ये आपलीच एक छोटी सेवा (प्रोग्राम) उभी केली. खरी की फक्त तिच्याजवळ असते. एजंटच्या मशीनवर किंवा प्रॉम्प्टमध्ये ती येतच नाही. एजंटला चारच टूल दिसतात: बिल्टी शोध, दर बघ, नोंदीचा मसुदा, मेलचा मसुदा. "हवी ती रिक्वेस्ट पाठव" असं सरसकट टूल ठेवलं तर बाकीची मेहनत पाण्यात जाते. बँक खात्याचा रकाना सेवेत लिहिलेलाच नाही, त्यामुळे तो बदलायची रिक्वेस्ट तयारच होत नाही. पार्टी कोणती, हे एजंटला विचारायचं नाही; डीमार्क तपासणीत (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे पाहणाऱ्या) पास झालेल्या मेलच्या पत्त्यावरून सेवाच ते ठरवते. भाडं दरपत्रकापासून ५ टक्क्यांहून जास्त हललं की प्रकरण माणसाकडे. बिल्टी क्रमांकावर युनिकचं (एकच क्रमांक दोनदा न घेण्याचं) बंधन हवंच, कारण टाइमआउट झाला, म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही, की एजंट तीच नोंद पुन्हा टाकतो.

रिपोर्टसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस एजंटला थेट जोडणार असाल, तर "डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली" या सेटिंगच्या भरवशावर राहू नका. त्याच सेशनमधून ती उलटवता येते. वेगळा रोल (डेटाबेसचा वापरकर्ता) करा आणि त्याला फक्त लागणाऱ्या व्ह्यूवर (निवडक माहितीच्या तक्त्यावर) सिलेक्टची, म्हणजे वाचायची, परवानगी द्या.

फोल्डरचं राहिलं. एजंटला ठरावीक फोल्डरच उघडू देताना तपासणी पाथची (फाइलच्या पत्त्याची) नुसती सुरुवात पाहत असेल, तर "बिल"ची परवानगी "बिल_जुने"लाही लागू होते. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) आणि दोन टिंबं (वरच्या फोल्डरची खूण) सोडवून खरा पाथ काढा, मग तुलना करा. एजंटला शेल (कमांड टाइप करायची सोय) दिलाच असेल तर फाइंडसारखी कमांड निरुपद्रवी धरू नका; तिला डिलीटचा पर्याय असतो, शिवाय ती दुसरी कमांडही चालवते.

प्रत्येक गोष्टीला मंजुरी मागितली की माणूस न वाचता ओके दाबत सुटतो. परत फिरवता न येणाऱ्या कामांनाच मंजुरी ठेवा, आणि पडद्यावर एजंटने केलेला सारांश न दाखवता जुनी रक्कम, नवी रक्कम आणि पूर्ण पत्ता दाखवा.

चाचणी घेताना एजंट "मी हे करणार नाही" म्हणाला म्हणून पास धरू नका. नाकारलेल्या रिक्वेस्टसकट सगळं सेवेच्या लॉगमध्ये उतरलं का, ते पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, तेव्हा डिस्कची जागा आधीच धरा.

बंद करायची सोयही सेवेतच हवी. एजंटला तासाभराचं टोकन (तात्पुरता परवाना) द्या आणि ते प्रत्येक कॉलला तपासा. रद्द केलं की चालू कामसुद्धा पुढच्याच टूलपाशी अडतं. रद्द करायचा अधिकार रात्रपाळीला गोदामावर असणाऱ्या माणसालाही द्या.