तुम्ही विचारलंत म्हणून: तीन तास उभं राहून नाटक कशाला बघायचं?

लंडनला शिकत असताना मी ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरात, नाटकं बघायचे ती खाली उभं राहून, हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, अगं पण तीन तास उभं? पैसे नव्हते म्हणून ना? इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते.

पैसे नव्हते हे खरंच आहे. उभ्याचं तिकीट पाच पाउंड, १९९७ साली थिएटर सुरू झालं तेव्हापासून मी होते तोपर्यंत तेवढंच (आता काही खेळांना जास्त पडतात). पण पुढे पार्टटाइम काम मिळालं, खिशात थोडे पैसे खुळखुळायला लागले, तरी मी खालीच. एकदा मैत्रिणीचे आईबाबा आले होते त्यांच्यासोबत वर गॅलरीत बसले, लाकडी बाकं, पाठ टेकायला काही नाही, उशी हवी असेल तर भाड्याने घ्या, आणि माझं अर्धं लक्ष सगळा वेळ खालच्या गर्दीकडेच.

जागा कशी आहे ते आधी सांगते, नाहीतर मी काय म्हणतेय ते कळणार नाही. थेम्सच्या दक्षिण काठावर, नदीपलीकडे सेंट पॉल्स चर्चचा घुमट दिसतो तिथे, लाकडी, गोलसर थिएटर. शेक्सपिअरच्या मंडळींचं मूळ ग्लोब १५९९ चं. १६१३ मध्ये आठव्या हेन्रीवरचं नाटक चालू असताना तोफ उडवली, गवती छपराने पेट घेतला आणि बघता बघता सगळं खाक. एका माणसाच्या विजारीला आग लागली ती म्हणे बाटलीतली बिअर ओतून विझवली, त्या काळच्या एका पत्रातच आहे हे, मला हा तपशील फार आवडतो. मग परत बांधलं, आणि १६४२ मध्ये प्युरिटन म्हणजे कडक धार्मिक लोकांनी नाटकंच बंद पाडली. आत्ताचं ग्लोब सॅम वॉनामेकर नावाच्या अमेरिकन नटाच्या हट्टापायी उभं राहिलं, आणि ते पुरं व्हायच्या आधी १९९३ मध्ये तो गेला. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला परवानगी मिळालेली ही पहिली इमारत. या वेळी छपरावर पाण्याचे फवारे बसवलेत, शहाणपण आलंय.

तर मधलं अंगण पूर्ण उघडं, तिथे साधारण ७०० माणसं उभी राहतात. वर आकाश, पाऊस आला तर पाऊस, आणि ऐन गंभीर प्रसंगात हेलिकॉप्टर घरघरत गेलं की नट बिचारा आवाज चढवतो. पण खरी गोष्ट उजेडाची आहे. संध्याकाळच्या खेळाला दिवे लावतात ते स्टेजवर आणि आपल्यावर सारखेच. बाकीच्या थिएटरात अंधार होतो आणि आपण गायब होतो, मोबाइलमध्ये डोकं घातलं तरी नटाला पत्ता नाही. इथे तो तुमच्याकडे बघून बोलतो, म्हणजे खरंच तुमच्या डोळ्यांत बघून, आणि तुम्हाला कुठे बघावं कळत नाही.

मी शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर बघत होते तेव्हाचं सांगते. सीझरचा खून झालाय, मारणाऱ्या कटवाल्यांपैकी ब्रूटस येऊन आपली बाजू मांडतो, आम्ही सगळे माना डोलावतोय, बरोबर आहे बाबा. मग सीझरचा मित्र अँटनी येतो. ब्रूटस सन्माननीय माणूस आहे, असं म्हणत म्हणत त्याच ब्रूटसची पार वाट लावतो. गर्दीतली पात्रं स्टेजवर नाहीत, ती आमच्यातच उभी, माझ्या मागून कोणीतरी कानठळ्या बसतील असा ओरडला, मृत्युपत्र वाच! मृत्युपत्र वाच! आणि मी वळून बघेपर्यंत बाजूची दोन-चार कॉलेजची पोरंही ओरडायला लागली, ती नट नव्हती, ती माझ्यासारखीच पाच पाउंडवाली. अँटनी कागद उलगडतो, सीझरने प्रत्येक रोमकराला ७५ द्राख्मा ठेवलेत म्हणतो, आणि अंगणात चक्क जल्लोष. मीपण हात वर केला होता. त्यानंतर लगेच छोटासा प्रसंग आहे, सिन्ना नावाचा एक कवी रस्त्याने चाललाय, कटवाल्यांमध्येही एक सिन्ना होता, हा जीव तोडून सांगतोय की मी कवी आहे, तो मी नव्हे, आणि जमाव त्याला नुसत्या नावासाठी मारतो. पोरं गप्प. जमाव म्हणजे कोण, मिनिटभरापूर्वी ओरडत होतो ते आम्हीच. वरून हा प्रसंग छान दिसत असेल, पण दिसणं वेगळं.

भाषा सगळी कळायची का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही, अजिबात नाही, पण शेजारच्या इंग्रजांनाही कळत नव्हती असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटायचं. गोष्ट आधी वाचून गेलं की पुरतं.

आणि हे उभं राहणं काही टुरिस्टांसाठी काढलेलं फॅड नाही. १५९९ च्या सप्टेंबरमध्ये थॉमस प्लाटर नावाचा स्विस प्रवासी लंडनला आला होता, त्याने सीझरचंच नाटक गवती छपराच्या थिएटरात पाहिलं आणि लिहून ठेवलं की शेवटी नट फार सुंदर नाचले. उभं राहायला एक पेनी, बसायचं तर आणखी एक, उशीवर बसायचं तर अजून एक, हेही त्यानेच नोंदवलंय. नाच अजूनही असतो. मघाशी मेलेला सीझर उठून ताल धरतो आणि आपण टाळ्या वाजवतो, विचित्र वाटतं पण त्याशिवाय मला तरी घरी जाववलं नसतं.

पाय दुखतात, त्यात काही वाद नाही. मध्यंतरात खाली बसता येतं, नाटक चालू असताना बसलात तर तिथली माणसं येऊन उठवतात. छत्री चालत नाही, रेनकोट न्या. दार उघडायच्या आधी जाऊन रांगेत लागा आणि सरळ स्टेजची कड पकडा, तिथे कोपरं टेकता येतात. आणि स्टेजवर दोन जाडजूड खांब आहेत, त्यांच्या मागे येईल अशी जागा तेवढी घेऊ नका.