सी मेजरचा स्वभाव कुठून आला?

प्रत्येक पट्टीला स्वतःचा स्वभाव असतो म्हणतात, तो कुठून येतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पियानो शिकणारे हे हमखास विचारतात. (पट्टी म्हणजे एखाद्या स्वराला षड्ज धरून घेतलेले स्वर; मेजरमध्ये गांधार शुद्ध, मायनरमध्ये कोमल.) जर्मन कवी-संगीतकार शूबार्टच्या १८०६ साली छापलेल्या पुस्तकात सी मेजर निरागस, एफ मायनर खोल विषादाचा, असे पट्ट्यांचे स्वभाव दिले आहेत. पण सगळे स्वर सारखेच वर सरकवले तर भाव बदलेल कसा?

आजच्या पियानोवर स्वरांतरांमुळे तो बदलत नाही. पूर्वी बदलायचा, आणि तो फरक कानाला कळायचा.

तानपुरा नीट लागला की खर्जातून स्वयंभू गांधार उमटतो. स्वरांतर सेंट या एककात मोजतात; सप्तक १२०० सेंटचं धरलं तर तो षड्जापासून ३८६ सेंटवर, आणि शुद्ध पंचम ७०२ वर. गोम अशी की बारा शुद्ध पंचम एकापुढे एक लावले तर सात सप्तकांनी मूळ स्वरावर पोचण्याऐवजी आपण २३ सेंटहून थोडे पुढे जातो. ही वाढ कुठेतरी मुरवावीच लागते. आज ती बाराही पंचमांत सारखी वाटलेली असते, म्हणून प्रत्येक मेजर पट्टीचा गांधार ४०० सेंटवर, सारखाच चढा.

जर्मन ऑर्गनवादक वर्कमाइस्टरच्या एका प्रसिद्ध जुळणीत ती चारच पंचमांवर टाकली आहे. चार पंचम चढत गेलं की गांधारच येतो, त्यामुळे सी मेजरचा गांधार ३९० वर येतो, डी मेजरचा ३९६, ए मेजरचा ४०२ आणि सी शार्पचा (सीच्या लगतच्या काळीचा) थेट ४०८. गांधार ३८६ पासून जितका दूर, तितक्या आवाज कमी-जास्त होण्याच्या लहरी वेगवान. मधल्या सप्तकात सी आणि त्याचा गांधार ई एकत्र धरले तर सेकंदाला तीनेक लहरी ऐकू येतात. सी शार्प आणि त्याचा गांधार एफ धरले तर सतराच्या आसपास. पहिली जोडी निवांत, दुसरी अस्वस्थ. स्वभाव म्हणतात तो हाच!

जर्मन संगीतकार बाखने १७२२ मध्ये चोवीसही मेजर-मायनर पट्ट्यांतल्या प्रिल्यूड आणि फ्यूग या प्रकारांतल्या रचना एकत्र केल्या. त्यासाठी सगळ्या पट्ट्या वाजवण्याजोग्या हव्यात, एकसारख्या असायची गरज नाही. त्या एकसारख्या झाल्या याची मला खरोखर हळहळ वाटते.

व्हायोलिनवर डी मेजर आजही खुलतो, पण ते मोकळ्या तारांच्या गुंजनामुळे. आणि आपल्याकडे गायकाने काळी एक सोडून पांढरी दोन धरली तर तानपुराही नव्याने लागतो; गांधाराचं षड्जाशी नातं तेच राहतं, यमन यमनच राहतो.

डिजिटल पियानो असेल तर सेटिंगमध्ये टेम्परामेंट (स्वरांची जुळणी) शोधा, बऱ्याच मॉडेलांत वर्कमाइस्टर असतो. तो लावून आधी सी मेजरची कॉर्ड (षड्ज, गांधार, पंचम एकत्र) धरा, मग सी शार्प मेजरची. सावकाश धरा, घाईत सोडली तर लहरी मोजता येत नाहीत.